ऋणनिर्देशाचें पान

विद्यापीठाच्या पदवीसाठीं लिहिलेल्या प्रबंधांत सर्वांत शेवटीं लिहिलें जाणारें आणि बहुधा सर्वांत आधीं वाचलें जाणारें एक पान असतें. तें ऋणनिर्देशाचें पान होय. दोन-चार वर्षें ग्रंथालयांत घालविलेला, आंकड्यांशीं आणि जुन्या कागदपत्रांशीं झुंजलेला अभ्यासक लेखणी खालीं ठेवण्यापूर्वीं या पानाकडे वळतो. आणि ज्यानें तीनशें पानें धीटपणें लिहिलीं त्याचीच लेखणी येथें अडखळते. कोणाचें नांव आधीं घ्यावयाचें, कोणाचें मागून, कोणाच्या मदतीला किती शब्द द्यावयाचे, आणि ज्या मदतीला शब्दच सांपडत नाहींत तिचें काय करावयाचें, असे प्रश्न त्याच्यापुढें उभे राहतात. परीक्षक या पानाला गुण देत नाहींत. तरीहि तो ग्रंथ कोणाकोणाच्या आधारानें उभा राहिला हें सांगणारें दुसरें पान त्यांत नसतें. आणि म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाला तें एखाद्या दस्तऐवजासारखें वाचतां येतें.

ऋण मान्य करण्याची रीत विद्यापीठांनीं नव्यानें काढली असें मात्र नाहीं. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस गुरुपरंपरेचें स्मरण आहे, गोदावरीच्या तीराचा आणि यादव राजा रामचंद्र याचा उल्लेख आहे, शके १२१२ हें वर्ष आहे, आणि तो ग्रंथ उतरवून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचें नांवहि आहे. ग्रंथ कोणाच्या कृपेनें सुचला, कोठें आणि कोणाच्या राज्यांत सिद्ध झाला, कोणाच्या हातानें लिहिला गेला, हें सर्व तेथें थोडक्यांत येऊन जातें. गुरु आणि लेखनिक या दोघांनाहि एकाच समारोपांत जागा मिळाली आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ग्रंथाला बुद्धीची मदत लागते तशी हाताचीहि लागते, हें त्या काळीं कोणी विसरलें नव्हतें.

युरोपांत छापखाना आल्यावर ग्रंथाच्या आरंभीं आश्रयदात्याला लांबलचक अर्पणपत्रिका लिहिण्याची चाल दृढ झाली. १६१० सालीं गॅलिलिओनें दुर्बिणींतून गुरु ग्रहाभोंवतीं फिरणारे चार उपग्रह पाहिले, आणि त्या शोधाचें वृत्त सांगणारा आपला छोटा ग्रंथ टस्कनीचा अधिपति दुसरा कॉसिमो द मेदिची यास अर्पण केला. एवढ्यावर न थांबतां त्यानें त्या उपग्रहांनाहि मेदिची घराण्याचेंच नांव दिलें. आणि त्याच वर्षीं तो त्या दरबाराचा गणिती झाला. यांत गॅलिलिओला दोष देण्याचें कारण नाहीं. विद्वानाचें पोट दुसऱ्या कोणत्या मार्गानें भरावें याची त्या काळीं फारशी सोयच नव्हती. परंतु अशा अर्पणपत्रिकेंत झालेल्या उपकाराची आठवण थोडी आणि पुढें व्हावयाच्या उपकाराची आशा अधिक, हें ओघानेंच येई.

एकोणिसाव्या शतकांत जर्मन विद्यापीठांनीं स्वतंत्र संशोधनाला पदवीची प्रतिष्ठा दिली. ती पद्धति पुढें अमेरिकेंत गेली आणि १८६१ सालीं येल विद्यापीठानें तेथील पहिल्या अशा पदव्या दिल्या. आतां प्रबंध हा विद्यार्थ्यानें स्वतःच्या बुद्धीनें केलेल्या कामाचा पुरावा ठरला. पण ज्याला पुरावा म्हणावयाचें त्यांत स्वतःचें किती आणि दुसऱ्याचें किती, हें सांगणें भागच पडतें. म्हणून राजाच्या जागीं गुरु आला, दरबाराच्या जागीं ग्रंथालय आणि दफ्तरखाना आला, आणि त्याबरोबर एक नवीन वाक्यहि आलें: साहाय्य अमुक-अमुक यांचें, पण मतें आणि चुका माझ्या. ऋण आणि जबाबदारी यांच्यामधील ही सीमारेषा हा आधुनिक ऋणनिर्देशाचा खरा विशेष आहे.

ही रेषा किती कांटेकोरपणें आखतां येते, याचें एक उत्तम उदाहरण मुंबईच्या चाळींत वाढलेल्या एका विद्यार्थ्यानें घालून दिलें आहे. हा विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षांकरितां दिली, तिच्या बळावर ते १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. १९१६ सालीं त्यांनीं लंडनच्या अर्थशास्त्र विद्यालयांत नांव घातलें. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ मध्यें अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावें लागलें. मुंबईच्या सिडनॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसे सांठविले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं साहाय्य केलें, नवल भथेना या पारशी मित्रानें कर्ज दिलें, आणि १९२० सालीं ते पुन्हां लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधांत परीक्षकांनीं प्रथम फेरफार सुचविले. ते करून दिल्यावर १९२३ सालीं लंडन विद्यापीठाची डी. एस्‌सी. ही पदवी त्यांना मिळाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पी. एस. किंग या लंडनच्या प्रकाशकांनीं तो प्रबंध छापला.

या ग्रंथाच्या प्रस्तावनेचा शेवट ऋणनिर्देशानें होतो, आणि तो अवघ्या कांहीं वाक्यांचा आहे. पहिलें ऋण प्राध्यापक एडविन कॅनन यांचें. त्यांच्या सहानुभूतीचा उल्लेख आहे, तें ऋण फिटण्यासारखें नाहीं अशी कबुली आहे. पण लेखक तेवढ्यावर थांबत नाहीं. गुरूंनीं नेमकें काय केलें तें तो सांगतो: त्यांनीं हें काम जवळून पाहिलें आणि त्यांतील तात्त्विक विवेचन इतकें कसून तपासलें कीं कित्येक चुका टळल्या. त्याच वाक्यांत तो असेंहि बजावतो कीं, ग्रंथांतील मतांची जबाबदारी गुरूंवर मुळींच नाहीं. दुसरें ऋण विल्सन कॉलेजचे प्राध्यापक वाडिया यांचें. त्यांनीं मुद्रितें तपासण्याचें रुक्ष काम आनंदानें अंगावर घेतलें, एवढेंच त्यांच्याविषयीं म्हटलें आहे. आणि तेवढेंच म्हणावयास हवें होतें. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस लेखनिकाला मिळालेली जागा येथें मुद्रितें तपासणाऱ्याला मिळाली आहे. ज्या पैशानें लंडनचा प्रवास घडला त्या कर्जाची वाच्यता प्रस्तावनेंत नाहीं. पैशाचें कर्ज पैशानें फेडतां येतें. या पानावर आलीं आहेत तीं न फिटणारीं ऋणें.

या ऋणनिर्देशाला त्याच पुस्तकांत उत्तरहि मिळालें आहे. कॅनन यांनीं ग्रंथाला पुरस्कार लिहिला, आणि त्यांत आपले मतभेद मुळींच लपविले नाहींत. रुपयाची किंमत परकीय हुंडणावळीच्या आधारें सोन्याशीं बांधून ठेवणारी जी पद्धति त्या वेळीं हिंदुस्थानांत चालू होती, तिच्यावर शिष्याचा कटाक्ष होता. गुरूला ती पद्धति इतकी त्याज्य वाटत नव्हती. आपणांस या लेखकाचे बहुतेक आक्षेप पटत नाहींत, तरी कांहीं ठिकाणीं त्याचा घाव अगदीं वर्मीं बसतो आणि जेथें तो चुकतो तेथेंहि त्याच्या विचारांत एक ताजेपणा असतो, असा कॅनन यांचा अभिप्राय आहे. शिष्यानें ज्या कसून तपासणीबद्दल आभार मानले होते तिचाच उल्लेख उचलून गुरु जवळजवळ मिस्किलपणें सुचवितो कीं, स्वतंत्र बुद्धीचे कांहीं हट्ट त्या तपासणीलाहि दाद देत नाहींत, आणि म्हाताऱ्या शिक्षकाला ते सोसावयास शिकावें लागतें. मतांची जबाबदारी माझी, हें शिष्याचें वाक्य केवळ शिष्टाचाराचें असतें तर गुरूला असें मोकळेपणें लिहितां आलें नसतें. शिष्यानें ती रेषा खरोखरच आखली होती, म्हणून गुरूला आपल्या बाजूस ताठ उभें राहतां आलें आणि दोघांचाहि मान राहिला.

प्रस्तावनेच्याहि आधीं या ग्रंथाला अर्पणपत्रिका आहे, आणि ती आईवडिलांच्या स्मृतीस आहे. आपल्या शिक्षणासाठीं त्यांनीं जो त्याग केला आणि जी दृष्टि दाखविली, तिच्याबद्दलची ही कृतज्ञता असल्याचें लेखकानें तेथें म्हटलें आहे. हे दोन शब्द मोजून वापरलेले आहेत. आई भीमाबाई मुलाच्या लहानपणींच निवर्तल्या. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेंत शिक्षक होते. मुलाला एखादें पुस्तक हवें झालें आणि घरांत पैसा नसला म्हणजे ते लग्न झालेल्या मुलींकडे जात आणि उसने पैसे किंवा गहाण टाकावयास एखादा दागिना घेऊन येत, असें चरित्रकार धनंजय कीर यांनीं नमूद केलें आहे. तो त्याग झाला. अस्पृश्य मानलेल्या घरांतील मुलाला इतकें शिकवून पुढें काय होणार, असें त्या काळीं कोणीहि विचारलें असतें. रामजींनीं तें मनांत आणलें नाहीं. ती दृष्टि झाली. १९१३ च्या फेब्रुवारींत रामजी वारले, आणि मुलगा अमेरिकेस निघाला तो त्याच वर्षीं, कांहीं महिन्यांनीं. दोघांपैकीं कोणीहि तें पुस्तक पाहूं शकलें नाहीं.

दुसरा प्रबंध कोलंबियाचा. तो १९१६ सालीं सादर झाला होता. पण त्या काळीं तेथें प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठास दिल्याशिवाय पदवी हातीं पडत नसे. ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या वाढीवरील हा ग्रंथ १९२५ सालीं प्रसिद्ध झाला आणि पदवी १९२७ सालीं मिळाली. त्याचाहि ऋणनिर्देश असाच मोजका आहे. प्राध्यापक सेलिग्मन यांच्यापाशीं सार्वजनिक अर्थव्यवहाराचे पहिले धडे घेतले, कॅनन यांनीं कांहीं प्रकरणांचा कच्चा खर्डा वाचला, एका मित्रानें मुद्रितें तपासण्याचा कंटाळवाणा भार वांटून घेतला. ज्यानें पहिले धडे दिले त्याला पहिल्या धड्यांचें श्रेय, आणि ज्यानें कांहीं प्रकरणें वाचलीं त्याला कांहीं प्रकरणांचेंच. कोणालाहि त्याच्या वांट्यापेक्षां अधिक नाहीं, आणि कमीहि नाहीं.

हा ग्रंथ सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे. शिक्षणाच्या कामीं त्यांनीं केलेल्या साहाय्याबद्दलची कृतज्ञता, इतकेंच तेथें म्हटलें आहे. वरवर पाहतां ही जुन्या राजाश्रयाच्या परंपरेंतील अर्पणपत्रिका वाटेल. पण या एका वाक्यामागें काय होतें तें पाहिलें पाहिजे. शिष्यवृत्तीच्या करारानुसार आंबेडकर १९१७ सालीं बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. त्या शहरांत त्यांना राहावयास घर मिळालें नाहीं. कचेरींतील शिपाई शिवाशिवीच्या भीतीनें त्यांच्या टेबलावर कागद लांबूनच टाकीत. पारशी धर्मशाळेंत ते नांव बदलून राहिले; तें उघडकीस येतांच कांहीं माणसें लाठ्या घेऊन आलीं आणि त्यांना सामानासह बाहेर पडावें लागलें. त्या दिवशीं एका बागेंत बसून त्यांनीं वेळ काढला, आणि थोड्याच दिवसांत संपलेली ती नोकरी सोडून ते मुंबईस परतले. ज्या संस्थानानें शिक्षण दिलें त्याच संस्थानच्या राजधानींत त्यांना छप्पर मिळूं शकलें नाहीं.

आठ वर्षांनीं अर्पणपत्रिका लिहितांना हा अपमान ते विसरले होते असें मुळींच नाहीं. पुढें आठवणी लिहितांना त्यांनीं तो सविस्तर नोंदविला आहे. परंतु महाराजांचें ऋण वेगळें आणि शहराचा अपराध वेगळा, हा भेद त्यांनीं कधीं पुसूं दिला नाहीं. अपराधामुळें ऋण कमी केलें नाहीं, आणि ऋणामुळें अपराध झांकला नाहीं. गॅलिलिओच्या अर्पणपत्रिकेंत आणि या अर्पणपत्रिकेंत हाच फरक आहे. येथें दरबारची नोकरी लेखकाच्या मागें होती, पुढें नव्हती. मागावयाचें असें कांहीं उरलें नव्हतें, म्हणून लिहिलें तें केवळ घेतल्याची पावती म्हणून लिहिलें.

नेमकेपणाचें मोल, जेथें तो नसतो तेथें अधिक कळतें. प्रबंधांतील नव्हे, पण शास्त्रीय नियतकालिकांतील एक ऋणनिर्देश या दृष्टीनें प्रसिद्ध आहे. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’ पत्रांत वॉटसन आणि क्रिक यांनीं आनुवंशिक द्रव्याची दुपेडी रचना मांडली. तिच्या अखेरीस, लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील विल्किन्स, फ्रँकलिन आणि त्यांचे सहकारी यांच्या अप्रकाशित निष्कर्षांच्या सर्वसाधारण स्वरूपाची माहिती आपणांस प्रेरक झाली, अशा आशयाचें एक वाक्य आहे. वस्तुतः रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेंत १९५२ च्या मे महिन्यांत घेतलेलें एक क्ष-किरण छायाचित्र वॉटसन यांना त्यांच्या नकळत दाखविण्यांत आलें होतें, आणि त्यांचीं मोजमापेंहि एका अहवालावाटे क्रिक यांच्या हातीं आलीं होतीं. त्या वाक्यांत नांव आहे, आभारहि आहेत. काय घेतलें तेवढें मात्र नाहीं. १९५८ सालीं वयाच्या ३७ व्या वर्षीं फ्रँकलिन वारल्या. १९६२ सालीं नोबेल पारितोषिक वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालें. वॉटसन यांनीं १९६८ सालीं लिहिलेल्या आठवणींतून त्या छायाचित्राची हकीकत जगाला समजली, आणि तेव्हांपासून तें मोघम वाक्य विज्ञानाच्या इतिहासांत वादाचा विषय होऊन बसलें. नांव घेतलें म्हणजे ऋणनिर्देश पुरा झाला असें नव्हे, हा त्या प्रकरणाचा धडा आहे.

आंबेडकरांच्या प्रबंधांतील पानें या कसोटीला उतरतात. तरीहि त्यांत एक नांव नाहीं. पति न्यूयॉर्कला आणि लंडनला असतांना मुंबईंत परळच्या चाळींत ज्यांनीं संसार ओढला त्या रामाबाईंचा उल्लेख दोन्ही प्रबंधांच्या अर्पणपत्रिकेंत वा ऋणनिर्देशांत सांपडत नाहीं. पांच अपत्यांपैकीं चार त्यांनीं गमावलीं. पतीच्या अभ्यासाचीं वर्षें हीं त्यांच्या उपासमारीचींहि वर्षें होतीं. त्या काळच्या प्रबंधांत पत्नीचें नांव घालण्याची फारशी चाल नव्हती हें खरें. पण कारण तेवढेंच नसावें. ज्या ऋणनिर्देशाची शिस्त अमक्यानें अमुक प्रकरण वाचलें अशी आहे, त्यांत ज्या स्त्रीनें एकहि प्रकरण वाचलें नाहीं आणि तरीहि प्रत्येक प्रकरणाची किंमत दिली, तिचें ऋण कोणत्या रकान्यांत मांडावें?

तें मांडावयास पंधरा वर्षें लागलीं. २७ मे १९३५ रोजीं रामाबाई वारल्या. पाकिस्तानच्या प्रश्नावरील ग्रंथ १९४० च्या अखेरीस निघाला, तो बाबासाहेबांनीं ‘रामू’च्या स्मृतीस अर्पण केला. ग्रंथ राजकारणावरचा, आंकड्यांनीं आणि नकाशांनीं भरलेला. त्याच्या तोंडाशीं पत्नीचें घरांत हांक मारण्याचें नांव. तिच्या अंतःकरणाचा चांगुलपणा, मनाचा मोठेपणा आणि शीलाची शुद्धता यांचा तेथें उल्लेख आहे. आणि मग पुन्हां तीच जुनी नेमकेपणाची शिस्त आहे. मित्रहीन अवस्थेंत, दारिद्र्याच्या आणि विवंचनेच्या दिवसांत तिनें न डगमगतां आपल्याबरोबर सोसलें, असें त्यांनीं स्पष्ट नोंदविलें आहे. ते दिवस म्हणजे प्रबंधांचेच दिवस होत. प्रबंधाच्या पानावर न आलेलें ऋण दुसऱ्या ग्रंथाच्या पानावर, उशिरां, पण पूर्ण मोजून आलें. ज्यांना तें वाचावयाचें होतें त्या मात्र तेव्हां नव्हत्या.

१९५६ सालीं, आयुष्याच्या अखेरच्या वर्षीं, बाबासाहेबांनीं बुद्ध आणि त्याचा धम्म यावरील आपल्या ग्रंथासाठीं प्रस्तावना लिहिली. प्रकृति अगदीं खालावलेली असतां हें काम पुरें झालें, आणि जीवनाची विझूं पाहणारी ज्योत तेवत राहिली ती पत्नी सविताबाई आणि डॉ. माळवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यामुळें, असें त्यांनीं तींत कृतज्ञतेनें नमूद केलें. मुद्रितें तपासणाऱ्या चिटणीसांचेहि आभार तेथें आहेत. १९२३ सालीं वाडियांना मिळालेली जागा तेहतीस वर्षांनींहि रिकामी राहिली नाहीं. ६ डिसेंबर १९५६ रोजीं बाबासाहेबांचें महापरिनिर्वाण झालें. १९५७ सालीं ग्रंथ बाहेर पडला तो या प्रस्तावनेवांचून. ती वाचकांपुढें येण्यास पुढें कित्येक वर्षें जावीं लागलीं.

ऋणनिर्देश लिहूं पाहणाऱ्या अभ्यासकाला या पानांवरून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. विशेषणें थोडीं असावींत आणि क्रियापदें नेमकीं असावींत. कोणीं काय केलें तें सांगावें. गुरूच्या नांवाआड आपलीं मतें लपवूं नयेत. ज्याच्याशीं मतभेद झाला किंवा ज्याच्या दारीं दुःख भोगलें, त्याचेंहि देणें असेल तर तें मान्य करावें. मुद्रितें तपासणाऱ्याला वगळूं नये. आणि घरांतील ज्या माणसाचें ऋण कोणत्याच रकान्यांत बसत नाहीं, त्याच्यासाठीं होतां होईल तों पुढील ग्रंथाची वाट पाहूं नये. ऋण लिहून ठेवल्यानें तें फिटत नाहीं हें खरें. पण लिहून ठेवल्यामुळें तें बुडत नाहीं. १९५६ सालीं लिहिलेलें तें पान छापलें गेलें नव्हतें, तरी लिहिलेलें होतें. म्हणूनच पुढें केव्हां तरी तें वाचतां आलें.